एदोचा साकेबाजार

तोक्यो शहरात सुमिदा नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे संथ होते, तेथे शिनकावा नावाची एक वस्ती आहे. आज तेथे कचेऱ्यांच्या उंच इमारतींखेरीज डोळ्यांत भरण्याजोगे फारसे काही उरलेले नाही. परंतु या शहराला एदो म्हणत असत त्या काळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची दोनशे वर्षे, साऱ्या जपानच्या मद्यव्यापाराचे नाक होते ते हेच. ज्या कालव्यावरून वस्तीला नाव पडले, तो कावामुरा झुइकेन या कर्तबगार व्यापाऱ्याने १६६० साली खोदविला असे सांगतात. त्याच्या दोन्ही काठांवर साकेच्या ठोक व्यापाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतींच्या वखारी ओळीने उभ्या होत्या आणि पश्चिमेकडून आलेली पिंपे होड्यांतून थेट त्यांच्या दारात उतरत. १९४८ साली महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या राडारोड्याने कालवा बुजविण्यात आला. त्याची आठवण सांगणारी एक शिळा तेवढी आता तेथे आहे.

या व्यापाराचा इतिहास चाळताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे शहर जपानमध्ये सर्वांत अधिक साके पीत असे, त्या शहरात पिण्याजोगे साके जवळजवळ होतच नव्हते. आणि तरीही उत्तम साके कशास म्हणावे याचा निवाडा त्याच शहराच्या दुकानांतून होत असे. कारण तेथे साके विकण्याची जागा आणि ते चाखण्याची जागा या दोन नव्हत्या. गिऱ्हाईक दुकानात उभे राही, मापातून घोटभर घेई, आवडले तर आपली सुरई भरून नेई आणि न आवडले तर पलीकडच्या दुकानी जाई. तांदूळ पिकविणारा, तो आंबविणारा, पिंपे वाहणारा आणि सरकारी कर वसूल करणारा अशा सर्वांचे नशीब त्या एका घोटावर अवलंबून होते.

साकेचे मूळ गाव शोधायचे तर पश्चिमेकडे, क्योतो आणि ओसाका यांच्या आसमंतात जावे लागते. ओसाकाजवळच्या इतामी परिसरातील कोनोइके गावी यामानाका शिनरोकु नावाच्या गृहस्थाने १६०० च्या सुमारास स्वच्छ, नितळ साके करून ते एदोला धाडण्यास आरंभ केला, अशी परंपरा आहे. धन्यावर रुष्ट झालेल्या एका नोकराने सूड म्हणून आंबवणीच्या पिंपात राख टाकली आणि सकाळी पाहतात तो गढूळ मद्य निवळून पारदर्शक झालेले, अशी आख्यायिका त्याच घराण्याविषयी सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, कोनोइके घराणे पुढे ओसाकातील सर्वांत मोठ्या सावकारांत गणले गेले, आणि त्या वैभवाचा पाया साकेने घातला, हे मात्र इतिहासाला मान्य आहे.

प्रथम हा माल घोड्यांच्या पाठीवरून येई. सुमारे ७२ लिटर मावतील अशी दोन पिंपे घोड्याच्या दोन बाजूंस लादून त्याला पाचशे किलोमीटरची वाट तुडवायला लावण्यात खर्च फार आणि माल थोडा, म्हणून लवकरच गलबते आली. आरंभी साके इतर जिनसांबरोबर एकाच गलबतात चढत असे. पण कापूस, तेल, कागद अशा जिनसांची भरताड होईपर्यंत साकेला बंदरात खोळंबून राहणे परवडत नसे आणि वादळात माल समुद्रात फेकावा लागला की नुकसानीच्या वाटणीवरून तंटे होत. या कटकटीला कंटाळून १७३० साली साकेचे अडते व्यापाऱ्यांच्या सामाईक संघातून फुटून निघाले आणि त्यांनी केवळ पिंपे वाहणारी, आटोपशीर बांध्याची, लवकर भरणारी व लवकर सुटणारी आपली स्वतंत्र गलबते चालू केली. दरवर्षी हंगामातील नवे साके घेऊन ही गलबते एकदम सुटत आणि त्यांची एदोपर्यंत शर्यत लागे. पहिल्या आलेल्या गलबताचे स्वागत शिनकावाला ढोल वाजवून होई, त्याच्या खलाशांना मान मिळे आणि त्याच्या मालाला चढा भाव येई. १७९० साली एका गलबताने निशिनोमिया ते एदो हे अंतर ५८ तासांत कापल्याची नोंद आहे. शिडाच्या जहाजाने, वाऱ्याच्या लहरीवर, खडकाळ किनाऱ्याच्या कडेने हे साधणे म्हणजे काय, हे कोकणातल्या तांडेलांना समजावून सांगण्याची गरज नाही.

समुद्रप्रवासाने साके केवळ एदोला पोचत नसे, तर ते पालटतही असे. पिंपे योशिनोच्या सुगंधी सुगी लाकडाची असत. लाटांच्या हेलकाव्यांनी त्या लाकडाचा वास मद्यात उतरे आणि नव्या साकेचा तिखटपणा मावळून त्याला गोलाई येई. हा पालट पश्चिमेकडच्या रसिकांनाही इतका मानवला की, एदोला गेलेल्या पिंपांतून काही पिंपे मुद्दाम परत मागवून ती मोठ्या आवडीने पीत. वाटेत फुजी पर्वताचे दर्शन घेऊन आलेले साके, असे त्याचे कौतुक होई. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात, एदोच्या भरभराटीच्या ऐन काळी, वर्षाला सुमारे दहा लाख पिंपे शहरात उतरत असे अनुमान आहे. आणि शहराची वस्तीही तेवढीच, दहा लाखांच्या घरातली होती.

पश्चिमेचा हा मक्ता मोडावा असे राज्यकर्त्यांस वाटले नाही असे नाही. शोगुनाचे मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबु यांनी १७९० साली एदोच्या आसपासच्या काही निवडक कारखानदारांना सरकारातून तांदूळ देवविला आणि पश्चिमेच्या तोडीचे साके करून दाखवा असा हुकूम फर्माविला. पूर्वेचा पैसा पश्चिमेकडे वाहून जातो, तो थांबावा हा हेतू. साके झाले, परवाने मिळाले, विक्रीही झाली, पण एदोच्या जिभेने ते स्वीकारले नाही. फर्मानाने भाव ठरविता येतो, जकात बसविता येते, पण रुचीवर अंमल चालविता येत नाही, याचा इतका स्वच्छ दाखला राज्यकारभाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल. उलट त्याच सुमारास ओसाका उपसागराच्या काठी नादा हा नवा मुलूख इतामीला मागे टाकीत होता. रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवून तांदूळ पूर्वी कधी नव्हता इतका कांडला व घासला जाई, तांबा प्रांतातील शेतकरी हिवाळ्यात शेते मोकळी पडली की मुख्य कारागिरांच्या हाताखाली टोळ्यांनी कामाला येत, आणि १८४० साली यामामुरा ताझाएमोन याने, आपल्या दोन गावच्या दोन कारखान्यांत एकच तांदूळ व तेच कारागीर असूनही साके निराळे का होते, याचा छडा लावीत निशिनोमियाच्या विहिरीपर्यंत मजल मारली. त्याने ते पाणी पिंपांत भरून दुसऱ्या गावी नेले, तेथील साकेही तसेच झाले, आणि तेव्हापासून त्या जड, खनिजयुक्त पाण्याला साकेच्या धंद्यात तीर्थाचे महत्त्व आले.

शिनकावाचे अडते माल किरकोळ दुकानदाराला थेट देत नसत. मधले दलाल पिंपे फोडून चाखत, प्रत ठरवीत, दोन-तीन प्रकारचे साके एकमेकांत मिसळीत आणि मग दुकानांकडे पाठवीत. पश्चिमेचे साके इतके जोमदार असे की त्यात पाणी घातले तरी त्याची चव मोडत नसे, आणि पाणी पेलण्याची ही शक्ती हाच मालाच्या कसाचा एक निकष होता. किरकोळ दुकानात साके चौकोनी लाकडी मापाने मोजून मिळे. गिऱ्हाइकाजवळ भांडे नसेल तर दुकानदार आपले नाव काढलेली मातीची सुरई उसनी देई, ती पुन्हा भरून न्यायला गिऱ्हाईक परत येई, आणि वहीत उधारी चढत जाई.

या दुकानांत ज्याचे चरित्र विस्ताराने सांगण्याजोगे आहे, ते तोशिमाया. १५९६ साली, म्हणजे एदोला राजधानीचे रूप येण्यापूर्वीच, तोशिमाया जूएमोन याने कामाकुरा-गाशी या धक्क्यावर हे दुकान थाटले. किल्ल्याच्या बांधकामासाठी दगड व लाकूड तेथेच उतरे, त्यामुळे मजूर, हमाल, गाडीवान आणि सरदारांचे शिपाई यांची तेथे सदैव दाटी. या कष्टकऱ्यांना जूएमोनच्या दुकानात साके जवळजवळ खरेदीच्या भावात मिळे. नफा निघे तो रिकाम्या पिंपांच्या विक्रीतून, कारण उत्तम लाकडाच्या त्या पिंपांना इतर व्यापाऱ्यांकडून चांगले गिऱ्हाईक होते. जोडीला त्याने सोयाबीनच्या पनीराचे, म्हणजे तोफूचे, मोठाले तुकडे सळईला टोचून, तांबडा मिसो माखून, विस्तवावर भाजून द्यायला सुरुवात केली. तेथे उभ्याने साके प्यावे, तोफू खावा आणि कामाला लागावे, असा परिपाठ पडला. पिण्याच्या जागेला जेवणाची जोड मिळाली ती अशी, आणि पुढे साऱ्या शहरात जी पद्धत रूढ झाली तिचा एक उगम या धक्क्यावर दिसतो.

तोशिमायाची खरी कीर्ती मात्र पांढऱ्या साकेची. मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला लागणारे हे दाट, गोड मद्य सणापूर्वी ठरलेल्या एका दिवशी विकले जाई आणि त्या दिवशी इतर माल मिळणार नाही अशी पाटी दुकानावर लागे. १८३०-४० च्या दशकात निघालेल्या 'एदो मेइशो झुए' या स्थळवर्णनपर ग्रंथात त्या गर्दीचे चित्र आहे. आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा केलेला, पैसे आधी भरून चिठ्ठी घेतलेली, आणि चेंगराचेंगरीत कोणाला मूर्च्छा आलीच तर त्याला वर ओढून घेण्यासाठी प्रवेशद्वारावर बांधलेल्या माचीवर माणसे व वैद्य सज्ज ठेवलेले, अशी सारी व्यवस्था तेथे होती. एका दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकांच्या जिवाची इतकी काळजी वाहावी, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

दुकानातच बसून पिण्याच्या या रिवाजातून इझाकाया, म्हणजे पानगृहे, वाढली. १६५७ च्या भयंकर आगीनंतर शहर नव्याने उभारण्यासाठी गावोगावचे मजूर एदोत लोटले. बायकामुले गावी ठेवून आलेल्या या एकट्या पुरुषांना शिजवलेले अन्न आणि ऊन साके एकाच जागी हवे होते. १८११ सालच्या गणतीत अशी १,८०८ पानगृहे एदोत नोंदली गेली. आजच्या चित्रपटांतून तेथे मेज-खुर्च्या दाखवितात, ते खरे नव्हे. लोक बाकड्यावर किंवा उंचवट्यावरच्या चटईवर बसत, तबक शेजारी ठेवीत, आणि साके धातूच्या नळकांड्यात गरम होऊन येई. बारा महिने ऊन साके पिण्याची एदोकरांची सवय होती.

शोचू या सगळ्या चित्रात कोठे बसते, असा प्रश्न येईल. साके हे तांदूळ आंबवून गाळलेले मद्य, तर शोचू ही भट्टीवर उतरविलेली. एदोत ती साकेच्या चोथ्यापासून काढीत, जखमा धुण्यास वापरीत, आणि मिरिन नावाच्या गोड मद्यात मिसळून उन्हाळ्यात थंड करून पीत. प्रतिष्ठितांच्या पंगतीला ती क्वचितच असे. तिचे खरे घर दक्षिणेला क्यूशू बेटावर. तेथील ओकुची गावच्या एका देवळाच्या लाकडावर १५५९ साली सुतारांनी लिहून ठेवलेली तक्रार विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी उघडकीस आली: देवळाचा प्रमुख इतका कृपण होता की काम चालू असता त्याने एकदाही शोचू पाजली नाही. हा शोचूच्या नावाचा सर्वांत जुना लिखित उल्लेख समजतात. त्याही आधी, १५४६ मध्ये, जॉर्ज आल्वारिश या पोर्तुगीज कप्तानाने कागोशिमाच्या बाजूला तांदळाचा अरक पाहिला होता आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरसाठी लिहिलेल्या वृत्तांतात त्याची नोंद केली. याच आल्वारिशच्या गलबतातून आंजिरो नावाचा कागोशिमाचा एक फरारी इसम मलाक्केला आला. तेथून तो गोव्यास पोचला, १५४८ साली त्याचा बाप्तिस्मा झाला, सेंट पॉल कॉलेजात तो पोर्तुगीज शिकला आणि पुढल्या वर्षी झेवियरचा दुभाषा होऊन स्वतःच्या गावी परतला. शोचूचा युरोपीय लेखणीतील पहिला उल्लेख आणि गोव्यातील पहिला जपानी विद्यार्थी हे दोन्ही असे एकाच सफरीचे फलित आहेत. १७०५ च्या सुमारास माएदा रिएमोनने र्‍यूक्यू बेटांवरून रताळी आणली, कागोशिमाच्या ज्वालामुखीच्या राखाड मातीत ती रुजली, आणि भाताला पारख्या असलेल्या त्या प्रांताला स्वतःचे मद्य मिळाले. एदोला मात्र त्याची खबर पुष्कळ काळ लागली नाही.

मेइजी राजवटीत शहराचे नाव तोक्यो झाले आणि सरकारची दृष्टी साकेच्या चवीपेक्षा त्याच्या महसुलावर अधिक खिळली. १८९९ साली घरगुती मद्य करण्यास पूर्ण मनाई झाली, आणि त्याच सुमारास मद्यावरील कराने भूमिकरालाही मागे टाकून सरकारी तिजोरीतील पहिले स्थान पटकाविले. आंबवणी बिघडली की महसूल बुडे. म्हणून १९०४ साली तोक्योच्या ताकिनोगावा भागात सरकारी मद्यसंशोधन संस्था निघाली आणि १९११ पासून ती देशभरच्या नव्या साकेची परीक्षा घेऊ लागली. पांढऱ्या पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळे, पांढऱ्यावर रंग पाहावा आणि निळ्याच्या कडेवर नितळपणा पाहावा, ही परीक्षकांची रीत. तोच पेला आज दुकानांतही दिसतो. चाखण्याची कला अशी गिऱ्हाइकाच्या हातून अंमलदाराच्या हाती गेली. त्या काळचे दुकान कसे होते हे पाहायचे असेल तर उएनोजवळ यानाका भागातील योशिदाया हे १९१० साली बांधलेले दुकान पाहावे. मूळ जागेवरून हलवून ते संग्रहालय म्हणून जतन केले आहे. वर सरकणारे दरवाजे, पिंपे, मापे, नाळकी, वह्या सारे जागच्या जागी आहे.

युद्धकाळाविषयी फार लिहिण्याची इच्छा होत नाही. तांदूळ सैन्याला हवा होता, साकेचे रेशन झाले, त्यात बाहेरचे अल्कोहोल घालण्यास परवानगी मिळाली, आणि शांतता आल्यावरही, १९४९ पासून, अल्कोहोल, साखर आणि आम्ल मिसळून एकाचे तिप्पट केलेले साके बाजारात राजरोस विकले गेले. जळालेल्या तोक्योच्या चोरबाजारात चोथ्याची उग्र शोचू आणि त्याहून भयंकर, डोळे व प्राण घेणारे मिथिलयुक्त पेय विकले जाई. १९४८ मध्ये आकासाकात निघालेले होप्पी हे जवाच्या चवीचे पेय शोचूत मिसळून कामगारांनी आपली संध्याकाळ साजरी केली, ती रीत आसाकुसाच्या गल्ल्यांत अद्याप चालू आहे.

युद्धकाळात सरकारने साकेच्या प्रती ठरवून त्यांवर चढता कर बसविला होता. परीक्षेला न पाठविलेले साके आपोआप दुय्यम ठरे. म्हणून मियागी प्रांतातील इचिनोकुरा या कारखान्याने १९७७ साली आपले उत्तम साके परीक्षेला पाठविलेच नाही आणि बाटलीवर तसे ठसठशीत छापून ते कमी भावात विकले. निवाडा पुन्हा पिणाऱ्याकडे सोपविण्याचे हे धैर्य मला सादानोबुच्या फर्मानापेक्षा शतपटींनी मोठे वाटते. खेड्यापाड्यांतील साके शोधीत हिंडणारे तोक्योचे दुकानदार त्याच दशकात पुढे आले आणि १९९२ साली प्रतींची ती व्यवस्था रद्द झाली. शोचूचा दिवसही मग उजाडला. २००३ साली तिची विक्री साकेला ओलांडून गेली, आणि जिला एदोने पंगतीत बसविले नव्हते ती रताळ्याची शोचू तोक्योच्या प्रतिष्ठित मेजांवर आली.

आज ज्याला हे सारे चाखून पाहायचे आहे, त्याने निशि-शिम्बाशी येथील उत्पादक संघाच्या माहिती केंद्रापासून आरंभ करावा. साके, शोचू आणि ओकिनावाचे आवामोरी तेथे लहान पेल्यांतून, थोड्या खर्चात, प्रांताप्रांतांची तुलना करीत घेता येते. यूराकुचो व गिन्झा भागांत प्रांतिक सरकारांची विक्रीकेंद्रे आहेत. कागोशिमाच्या केंद्रात रताळ्याची शोचू निवडावी आणि ती गरम पाण्यात घ्यावी. पेल्यात आधी पाणी, मग शोचू, असा तिकडचा क्रम आहे व तोच योग्य आहे, कारण गरम पाण्यावर गार शोचू ओतली की ती आपोआप मिसळते आणि सुगंध वर येतो. तोक्यो स्थानकाच्या तळघरात हासेगावा या दुकानाने २०२० पासून साके आंबविण्याचीही सोय केली आहे. उभ्याने पिण्याचा दुकानी कट्टा अनेक वस्त्यांत टिकून आहे. आणि भूकंप व बॉम्बवर्षाव या दोन्ही संकटांतून तगलेल्या तोशिमायाने २०२० सालीच, मूळ धक्क्यापासून फार दूर नसलेल्या कांदा निशिकिचो भागात, उभ्याने पिण्याचे दुकान पुन्हा उघडले. तेथे भाजलेला तोफूही मिळतो, आणि कांदा देवळाला वाहिले जाणारे त्यांचे साके तेथे पेल्यानेही मिळते व बाटलीनेही.

शहराच्या तेवीस प्रभागांत जुन्या काळापासून चालत आलेला शेवटचा साकेचा कारखाना, इवाबुचीचा कोयामा, २०१८ साली बंद झाला, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु त्यापूर्वीच, २०११ साली, शिबा भागातील एका घराण्याने पूर्वजांनी शंभर वर्षांमागे सोडून दिलेला धंदा चार मजल्यांच्या एका अरुंद इमारतीत पुन्हा मांडला होता. वरच्या मजल्यावर तांदूळ शिजतो, खालच्या मजल्यांवर आंबवणी होते, आणि पाणी वापरतात ते तोक्योच्या नगरपालिकेच्या नळाचे.